दगडाखालची चिठ्ठी

पुणे,
२१ जानेवारी

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुझ्या गुडघ्याचं आणि कांद्याच्या भावाचं बोलणं झालं, आणि मला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंही. म्हणून आज दुपारी घर रिकामं झाल्यावर कागद घेऊन बसले आहे.

रविवारी नातवाला घेऊन एका प्रदर्शनाला गेले होते. खनिजांचं आणि जीवाश्मांचं प्रदर्शन, घरापासून पंधरा मिनिटांवर, एका शाळेच्या सभागृहात. मोठं काही नव्हतं. चौदा-पंधरा टेबलं, त्यांवर पांढऱ्या चादरी, आणि दगड जमवणारी माणसं आपापला संग्रह मांडून बसलेली. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी भूगर्भशास्त्र शिकणारी मुलं, एक गृहस्थ पूर्वी खाणीवर सुरुंगाचं काम करणारे. तिसऱ्या टेबलापाशी आले आणि माझे पाय थांबले.

आक्का, तिथे तुझा दगड होता.

म्हणजे त्याचा सख्खा भाऊ म्हण. तोच पिकल्या पीचसारखा, जरा गुलाबीकडे झुकणारा रंग. तीच मोत्यासारखी झाक. आणि आकारही तोच. कडब्याची पेंढी मधे आवळून बांधली की दोन्ही टोकांना ताटं पसरतात ना, अगदी तसा. आपल्या तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात पणतीशेजारी तो इतकी वर्षं बसला आहे. लहानपणी मी त्याला ‘आक्काची पेंढी’ म्हणायचे. त्याला खरं नाव आहे हे वयाच्या साठीला कळलं. स्टिल्बाइट.

त्र्याहत्तरच्या दुष्काळातला उन्हाळा मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. मी सात-आठ वर्षांची, तू अठराची. लाल मिलोच्या भाकऱ्या, कामावर मिळणारी सुकडी, टँकरची वाट बघत लावलेली हंड्यांची रांग. तू पहाटे भाकरी बांधून खडी फोडायला जायचीस आणि संध्याकाळी यायचीस तेव्हा तुझ्या पापण्यांवरसुद्धा दगडाची पूड असायची. मोजणी ब्रासवर, म्हणजे जितका ढीग तितका पैसा. अशा दिवसांत एका संध्याकाळी तू पदराची गाठ सोडलीस आणि हा दगड आईच्या हातावर ठेवलास. दिवसभर हाती येईल तो दगड फोडायचा, हेच तुझं काम. तो एक तू फोडला नाहीस. आईने विचारलं, कशाला आणलास? तू म्हणालीस, “फोडवेना.” एवढंच. हा शब्द मला पन्नास वर्षं पुरला आहे.

त्या टेबलामागचे गृहस्थ सत्तरीचे असतील. मी त्यांना सांगितलं, असाच एक आमच्या गावी आहे. त्यांचा चेहरा उजळला. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, “कुठला?”

मी म्हटलं, सिन्नर तालुक्यातला. ते म्हणाले, “तालुका नको. खाण कुठली? का विहीर? शिवार कुणाचं? साल कुठलं?” मला सांगता येईना. त्यांनी आपल्या दगडाखालची छोटी चिठ्ठी काढून दाखवली. पिवळी पडलेली, शाईने लिहिलेली. वर खनिजाचं नाव, खाली गाव, मग खाणीची खूण, तारीख, आणि शेवटी सापडला कुणाला ते. म्हणाले, “ही हरवली तर हा नुसता शोभेचा खडा.” घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पत्राचं कारणही तेच आहे, पण आधी तुला बाकीचं सांगते, कारण तू ज्याच्यावर हातोडी चालवत होतीस तो दगड काय होता हे तुला कुणी कधी सांगितलंच नाही.

आपला काळा फत्तर म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो वर आला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, थरावर थर. आजही तो पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दीड-दोन किलोमीटर भरते. लाव्हा निवताना त्यातली वाफ आणि वायू वर यायला धडपडतात. अनारशाला जाळी पडते ना, तशी त्या थराच्या माथ्याला जाळी पडते. काही पोकळ्या वाटाण्याएवढ्या, काहींत माणूस बसेल. पुढे खडकात झिरपणारं ऊन पाणी या पोकळ्यांत शिरलं. वाटेत खडकातलं जे विरघळलं ते त्याने सोबत आणलं आणि पोकळीच्या भिंतींवर थेंबाथेंबाने, कणाकणाने बसवलं. तुझी पेंढी अशा अंधाऱ्या खोलीत वाढली. तुझी हातोडी पडेपर्यंत तिच्यावर उजेड पडलेला नव्हता. तिला पाहणारं पहिलं माणूस तू.

शेजारच्या टेबलावर एक विद्यार्थिनी स्पिरिटचा दिवा लावून बसली होती. तिने स्टिल्बाइटचे चार कपचे काचेच्या नळीत टाकले आणि नळी ज्योतीवर धरली. जरा वेळाने कपचे फुगले, त्यांचे पापुद्रे सुटायला लागले, आणि नळीच्या वरच्या गार भागावर आतून दव धरलं. आधी धुकं, मग थेंब, मग एक थेंब ओघळून खाली आला. नातू ओरडला, “आजी, दगडातून पाणी!” या जातीच्या खनिजांना झिओलाइट म्हणतात. १७५६ साली क्रोन्स्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने असाच एक दगड तापवला, तो खदखदताना पाहिला आणि ग्रीक शब्द जोडून हे नाव दिलं. अर्थ सरळ आहे, उकळणारा दगड. त्यांच्या स्फटिकांच्या रचनेतच बारीक बोगदे असतात आणि त्यांत पाणी राहतं. स्टिल्बाइटच्या वजनाचा जवळजवळ सहावा हिस्सा पाणी असतं.

मी त्या नळीकडे बघत राहिले. मला ते हंडे आठवले. ज्या वर्षी विहिरींचे तळ दिसत होते, त्या वर्षी तू पदरात पाणी बांधून घरी आली होतीस.

मग सगळी टेबलं सावकाश पाहिली. एका काचेच्या पेटीत ओकेनाइट होतं. पांढरेशुभ्र कापसाचे गोळे म्हणावेत, पण ते तंतू म्हणजे केसाहून बारीक स्फटिक. बोट लावलं की कायमचे मोडून चिकटतात, म्हणून पेटी बंद. नाशिककडचं स्कोलेसाइट पाहिलं, पांढऱ्या सुयांचा पंखा. पाषाणच्या टेकडीवरच्या खाणीतलं हिरवं अ‍ॅपोफिलाइट पाहिलं, पाण्यासारखं नितळ, कडा सुरीने कापल्यासारख्या. एके काळचं पुण्याजवळचं गाव, नावच पाषाण, आणि त्याच्या पोटात हे! सगळ्यांत जास्त गर्दी कॅव्हान्साइटपुढे होती. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले गर्द निळे गोळे. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक गोळा म्हणजे मध्यातून बाहेर फुटलेल्या निळ्या पात्यांचं फूल. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तिघांच्या नावांची अक्षरं जुळवून त्याचं नाव केलं आहे आणि तो निळा रंग व्हॅनेडियमचा. पहिल्यांदा ते अमेरिकेत ओरेगॉनमध्ये सापडलं, पण जगातले उत्तमातले उत्तम नमुने आपल्या वाघोलीच्या खाणींतले. वाघोलीत आज इमारतींची दाटी आहे. त्या इमारतींच्या पायातही आसपासच्या खाणींची खडी गेली असेल, आणि तिच्याबरोबर किती निळी फुलं भरडली गेली असतील कोण जाणे.

आपल्या खडकातले स्फटिक जगाला फार आधीपासून ठाऊक आहेत. बोरघाटातून रेल्वे नेताना, तो मार्ग १८६३ साली सुरू झाला, बोगद्यांत आणि कड्यांत जे स्फटिक निघाले ते युरोपातल्या संग्रहालयांत जाऊन बसले. त्याच्याही आधी एका खनिजाला ‘पूनालाइट’ असं आपल्या पुण्याचं नाव मिळालं होतं. पुढे ते मेसोलाइटच असल्याचं ठरलं आणि नाव मागे पडलं. तुझ्या तालुक्यात माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत ‘गारगोटी’ नावाचं मोठं संग्रहालय आहे, तिथेही हीच दौलत मांडलेली आहे. गुडघा बरा झाला की तुला मी तिथे घेऊन जाणार.

जीवाश्मांची टेबलं तीनच होती, पण तिथे माझा अर्धा तास गेला. लाव्हात जीव टिकत नाही, मग आपल्या दगडात जीवाश्म कसे, हे मी विचारलं. उत्तर ऐकण्यासारखं आहे. दोन उद्रेकांमध्ये मोठा काळ जायचा. तेवढ्यात थंड झालेल्या थरावर तळी साचायची, झाडं उगवायची, गोगलगायी फिरायच्या. मग नवा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकायचा. त्या तळ्यांचा गाळ दोन थरांमध्ये दगड होऊन राहिला आहे. नागपूरजवळच्या टाकळीचे असे शिंपले-शंख आणि बिया हिस्लॉप नावाच्या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गोळा केल्या. त्याच माणसाच्या नावाने नागपूरचं हिस्लॉप कॉलेज आहे. १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेला असताना पुराच्या नाल्यात तो बुडाला. टेबलावर तशाच गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचा एक खडक होता. राखाडी दगडात बोटाच्या पेराएवढे पीळदार शंख, श्रावणात परसात दिसतात तसेच. दर वेळी सगळं जळून गेल्यावर पुन्हा त्या आल्या, तळं मिळालं की संसार मांडून बसल्या. त्या दगडावरून मी हळूच बोट फिरवलं.

आणि शाळिग्राम. हो, आपल्या देवघरातला. एका टेबलावर कच्छमधलं अमोनाइट मधोमध कापून ठेवलं होतं. आत गोल फिरत गेलेली खोल्यांची रांग, शेवटच्या मोठ्या खोलीत तो समुद्रजीव राहायचा. बाजूला नेपाळच्या गंडकी नदीतला शाळिग्राम. काळा गोटा, आणि फुटलेल्या जागी तेच चक्र. हिमालय जिथे उभा आहे तिथे एके काळी समुद्र होता, त्याच्या तळाशी हे जीव गाडले गेले. आपण तुळशीच्या लग्नात ज्याला नवरदेव म्हणून पाटावर बसवतो त्याच्या अंगावर समुद्राची खूण आहे. तुला वाईट वाटेल का, असं क्षणभर मनात आलं. मला स्वतःला उलट वाटलं. घरी आल्यावर संध्याकाळी दिवा लावताना हात जरा जास्त वेळ जोडलेले राहिले. अमोनाइटांचा वंश पृथ्वीवरून संपला तो साधारण आपला लाव्हा वाहत होता त्याच काळात. आपल्या घरी देवघरात एकाचा शेवट आणि अंगणातल्या कोनाड्यात दुसऱ्याची सुरुवात आहे, आणि आपण रोज दोघांना पाणी घालतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. कोपऱ्यात विक्रीचं एक टेबल होतं. तिथे जांभळे आणि गुलाबी ओकेनाइटचे गोळे होते. ओकेनाइट पांढरं असतं, हे रंगवलेले. एका निळ्या कॅव्हान्साइटवर त्या सत्तरीच्या गृहस्थांनी अतिनील प्रकाशाचा टॉर्च धरला तेव्हा गोळ्याच्या बुडाशी चमकती कड दिसली. डिंकाने चिकटवलेला. ते रागावले नाहीत, फार दुखावले. म्हणाले, दगड खोटा नाही, त्याची जागा खोटी केली. ज्या खडकात तो वाढला त्याच्याशी त्याचं नातं तोडलं, की मग त्याच्याकडून काहीच कळत नाही. पाणी किती ऊन होतं, आधी कोण बसलं, मागून कोण आलं, हे सगळं त्या जोडावर वाचता येतं.

तिथे मला चिठ्ठीचं महत्त्व पुरतं उमगलं. खाणी कायमच्या नसतात. कांदिवली, मालाडच्या खाणींवर आता शहर उभं आहे. पाषाणच्या खाणींतलं हिरवं नव्याने मिळणं अवघड झालं. खाण गेली की तिचा पत्ता फक्त दगडाखालच्या कागदावर राहतो, आणि कागद नसेल तर एखाद्या माणसाच्या आठवणीत.

तुझ्या दगडाचा पत्ता फक्त तुझ्याकडे आहे, आक्का. आई गेली. दादाला आठवत नाही. तू ज्या रस्त्यासाठी खडी फोडलीस त्याच्यावर पुढे डांबर पडलं, आणि त्या रस्त्यावर तुझं नाव कुठेही नाही. मुकादमाच्या मस्टरवर हजेरीपुरतं होतं, ती मस्टरं कुठल्या गोदामात वाळवीने खाल्ली असतील.

म्हणून एक काम कर. वहीचं एक पान घे आणि लिहून पाठव. कुठल्या रस्त्याचं काम होतं, दगड कुठल्या शिवारातल्या खाणीतून यायचा, बाभळीपाशी का ओढ्याच्या अंगाला, महिना कोणता होता, बरोबर कोण-कोण होत्या. अक्षर सुबक नसलं तरी चालेल, पण तुझ्या हातचं हवं. दगड वृंदावनाच्या कोनाड्यातच राहू दे, त्याची जागा तीच. त्याच्याखाली ठेवायला मी एक छोटी डबी घेतली आहे, पाणी न शिरणारी. तुझा कागद त्या डबीत राहील, आणि मी गेल्यावरही या नातवाला कुणी विचारलं, कुठला, तर त्याला सांगता येईल.

त्या गृहस्थांच्या चिठ्ठीत सगळ्यांत खाली एक ओळ असते, सापडला कुणाला. ती ओळ आधी भर.

गुडघ्याला जप. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी