मोती का भुंकतो?

गिरगावातल्या चाळीत कुत्र्याचे पिल्लू आले, की आठ दिवस साऱ्या मजल्यावर त्याचे कौतुक चालते. त्याचे नाव बहुधा मोती असते. मग रंग काळाभोर का असेना! पाच-सहा महिने लोटतात आणि हाच मोती जिन्यात पाऊल वाजले, की भुंकू लागतो. साखळीला धरून रस्त्यावर नेला, तर दिसेल त्या कुत्र्यावर, सायकलीवर, हातगाडीवर झेप घेतो. मग दूधवाला कुरकुरतो, शेजारच्या आजी जिना उतरायला भितात आणि 'हे जनावर कुठेतरी सोडून या,' असे बोलणे कानी येते. बिचाऱ्याचे घरच जाऊ पाहते.

लोक म्हणतात, कुत्रा माजला. पुष्कळदा तो माजलेला नसतो, भ्यालेला असतो. पिल्लाचे साधारण तिसऱ्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस जगाची ओळख करून घेण्याचे असतात. त्या दिवसांत ज्याने उघडलेली छत्री किंवा काठी टेकीत चालणारा म्हातारा पाहिला नाही, त्याला पुढे त्यांचे भय वाटू शकते. शिवाय त्याचे कान फार तीक्ष्ण. भाद्रपदात लालबागेत ढोल-ताशे कडाडतात, तेव्हा त्या कानांची काय दशा होत असेल!

मोकळा कुत्रा भ्याला, तर वळून दूर निघून जातो. साखळीतल्या कुत्र्याला ती सोय नाही. चाळीच्या अरुंद गॅलरीत तर नाहीच. म्हणून तो भुंकून समोरच्यालाच घालवू पाहतो. पोस्टमन पत्र टाकून आपल्या वाटेने जातो. पण मोतीला वाटते, आपण भुंकलो म्हणून हा पळाला! रोज असा विजय मिळत असता त्याने गप्प का बसावे?

अशा वेळी काठी उगारण्यासारखा दुसरा वेडेपणा नाही. दुसरा कुत्रा दिसला की मार बसतो, एवढेच त्याला कळते आणि भय दुणावते. रशियातील शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले, की ठरावीक आवाजामागून नेहमी अन्न मिळाले, तर पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. हीच युक्ती येथे चालते. दादरला शिवाजी पार्कच्या बाजूने सकाळी पुष्कळ कुत्री फिरायला येतात. मोतीला रस्त्याच्या पलीकडे उभे करावे आणि दुसरा कुत्रा दिसताच, भुंकण्यापूर्वीच, उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा. त्याने तो खाल्ला, तर अंतर ठीक आहे. तोंड फिरविले, तर आपण फार जवळ आलो. काही आठवड्यांत हे अंतर पावला-पावलाने कमी करावे. साखळी मात्र थोरल्या माणसाने धरावी. झेप घेणारा कुत्रा लहान मुलाला सहज ओढून नेतो.

शांतपणा शिकविता येतो, याचे दाखले पोलिसांच्या श्वानपथकांत मिळतात. १९९३ साली मुंबई पोलिसांच्या झंजीर या लॅब्राडॉरने स्फोटकांचे मोठे साठे हुडकून दिले. स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्यांना वास लागताच न भुंकता खाली बसायला शिकवितात.

शांत कुत्रा एकाएकी चिडखोर झाला, तर त्याला काही दुखत नाही ना, हे आधी पाहावे. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून मुक्या जनावरांवर उपचार करीत आले आहे.

कधी कोपऱ्यावरून अवचित एखादा कुत्रा समोर येतो, मोती झेपावतो आणि महिन्याचे श्रम फुकट गेलेसे वाटतात. ते फुकट गेलेले नसतात. त्या दिवशी मुकाट्याने घरी परतावे आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा रस्त्याच्या पलीकडे उभे राहावे.