जत्रेचा हिशेब

जत्रेला जावे की न जावे, हा प्रश्न पोराला कधी पडत नाही. पडतो तो खिशात हात घालणाऱ्या बापाला. धंद्याच्या जत्रांचेही तसेच आहे. यंत्रांच्या, कापडाच्या, पुस्तकांच्या अशा जत्रा जगभर भरतात, आणि तिथून परतलेला माणूस "फार शिकायला मिळाले हो!" असे म्हणू लागला, की त्याचा माल खपला नाही असे खुशाल समजावे.

फ्रँकफुर्ट हे अशा जत्रांचे जुने गाव. युरोपात खिळ्यांची छपाई सुरू करणारा गुटेनबर्ग जवळच्याच माइन्झचा. पुढे पोप झालेल्या पिक्कोलोमिनीने १४५४ साली फ्रँकफुर्टात बायबलची छापील पाने पाहिली, आणि दुसऱ्या वर्षी पत्रातून कळवले, की अक्षर चष्म्यावाचून वाचता येते. पण प्रती मात्र आधीच खपल्या आहेत! विकायला काही उरले नव्हते, तरी बातमी दूरवर पोचली.

तिथली हल्लीची ग्रंथजत्रा १९४९ पासूनची. माझे एक प्रकाशक-स्नेही एकदा तिथे जाऊन आले. जत्रा ऑक्टोबरातली, म्हणजे इकडे दिवाळी अंकांची नुसती धांदल! विमान, व्हिसा, जत्रेमुळे चढलेले खोलीभाडे, सगळ्यांची बेरीज मांडून वहिनी म्हणाल्या, "अहो, एवढ्यात आपल्या दोन कादंबऱ्या निघाल्या असत्या!"

बेरीज बिनचूक होती. जमेच्या बाजूला होती ती सूचिपत्रांची एक पिशवी आणि मूठभर व्हिजिटिंग कार्डे.

पण त्या वहीत एक रकाना नव्हता. तिथे मुख्य व्यवहार चालतो तो पुस्तकांच्या हक्कांचा. भेटी कित्येक आठवडे आधी ठरतात. पत्राला उत्तर न देणारा संपादक समोर बसला की अर्धा तास ऐकून घेतो. आमच्या स्नेह्यांच्या सहा भेटींपैकी पाच वाया गेल्या. सहाव्या बाईंशी मात्र दोन वर्षे पत्रव्यवहार चालला, आणि एक मराठी कादंबरी जर्मन भाषेत गेली. आलेल्या पैशांत विमानाचे अर्धे भाडेही सुटले नाही; पण सत्तरी उलटलेल्या लेखिकेने आपले नाव परक्या लिपीत छापलेले पाहिले. हे कोणत्या खाती जमा धरायचे?

२०२० साली करोनाच्या साथीमुळे ही जत्रा मुख्यतः पडद्यावर भरली. ना प्रवास, ना खोलीभाडे! चोख हिशेबाने तीच सोय कायमची व्हायला हवी होती. पण २०२१ साली माणसे पुन्हा दालनांत आली. ज्याच्या हाती आपले पुस्तक सोपवायचे, तो माणूस डोळ्यांनी पाहावासा वाटतोच.

तेव्हा नुसती गंमत पाहायची असेल, तर गाळा न घेता एकदा जावे, आणि तो खर्च सहलीच्या खाती लिहावा. आधी ठरवलेल्या चार भेटी आणि परतल्यावर चिकाटीने लिहायची चाळीस पत्रे एवढी तयारी असेल, तर मात्र तो खर्च बियाण्याचा. आणि बियाण्याचा हिशेब कोणी पेरणीच्या दिवशी मांडीत नाही.