मूळ तारीख

‘पाच वाजता’ वेगळं आणि ‘पाच तास’ वेगळं. एक क्षण, दुसरा कालावधी. पाच वाजल्यानंतर तीन तास गेले की आठ वाजतात; पण ‘पाच वाजता’ अधिक ‘तीन वाजता’ किती, असं विचारलं तर लहान मूलही बघत राहील. प्रोग्रॅमिंगची भाषा असलेला पायथनही ही बेरीज करत नाही. दोन डेटटाइम, म्हणजे दोन क्षण, मिळवू गेलं की टाइपएरर देऊन थांबतो. वजाबाकी मात्र करतो आणि उत्तरात टाइमडेल्टा, म्हणजे कालावधी देतो. आपल्या जिभेला जो भेद उपजत ठाऊक आहे, तो कोडमध्येही पाळला जातो याचं मला फार अप्रूप वाटतं.

कालावधीही एका जातीचा नसतो. २०१४ साली जावा ८ बरोबर वेळेचे नवे क्लास आले, त्यांत ड्युरेशन सेकंद मोजतं आणि पिरियड वर्षं, महिने, दिवस. न्यूयॉर्कमध्ये १० मार्च २०२४ च्या पहाटे घड्याळं दोनवरून थेट तीनवर गेली. आदल्या दुपारच्या बारांत चोवीस तासांचं ड्युरेशन मिळवलं तर दुपारचा एक येतो. एक दिवसाचा पिरियड मिळवला तर बाराच. दोन्ही उत्तरं खरी. आपल्याला नेमकं काय हवंय, ते आधी ठरवावं लागतं.

हे मी शिकलो ते कर्जाच्या हप्त्यांवर. पहिला हप्ता ३१ जानेवारी २०२४ चा. पुढची तारीख काढायला मी प्रत्येक वेळी आधीच्या हप्त्यात एक महिना मिळवत होतो. फेब्रुवारीत ३१ नाही, म्हणून २९ आली, ते ठीकच. पण मग मार्चलाही २९, एप्रिललाही २९. एकदा आखडलेली तारीख पुन्हा सैल झालीच नाही. उपाय एका ओळीचा होता: दरवेळी मूळ तारखेपासून मोजायचं. ३१ जानेवारीत दोन महिने मिळवले की ३१ मार्च येते.

हे जमतं, कारण जावाच्या नव्या क्लासांतलं महिने मिळवणारं प्लसमंथ्स मूळ तारखेला हात लावत नाही; बेरजेची नवी तारीख वेगळी काढून देतं. जावाच्याच जुन्या कॅलेंडर क्लासमध्ये बेरीज केली की तोच ऑब्जेक्ट बदलायचा. सुरुवात कुठून केली, हे वेगळं जपलं नसेल तर हातचं जायचं.

आई माझा वाढदिवस तिथीनं करते. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे तारीख दरवर्षी अकराएक दिवस आधी येते आणि अधिक मास आला की एकदम पुढे जाते. आईला त्याची फिकीर नसते. गेल्या वर्षी कधी झाला होता, हे ती विचारतही नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढते, कार्तिकाचं पान उघडते आणि शुद्ध पंचमीवर बोट ठेवते.