दुसरे पाच बार

रेंजवर शिकायला येणारा माणूस पहिले पाच बार हौसेने काढतो. म्हणून त्या पाचांकडे मी फारसं लक्ष देत नाही. सिलिंडर उघडायला लावते, रिकाम्या पुंगळ्या टेबलावर पडू देते, पुन्हा पाच काडतुसं समोर ठेवते आणि मग त्याच्या हाताकडे बघत राहते. बोटं लगेच काडतुसाकडे जातात, की आधी मनगट चोळून येतात? कुणाला कोणतं रिव्हॉल्व्हर झेपेल याचं उत्तर मला त्या दुसऱ्या पाचांत मिळतं.

माझा मूळ धंदा पाण्याचा. अ‍ॅरिझोनात, टक्सनच्या पूर्वेला विलकॉक्सचं खोरं आहे. तिथल्या गुरांच्या कुरणांवरच्या विहिरी आणि पंप मी गेली एकोणीस वर्षं तपासते. शनिवारी सकाळी रिव्हॉल्व्हर शिकवते. येणाऱ्यांपैकी निम्मे तरी एकच प्रश्न घेऊन येतात: अंगावर बाळगता येईल इतकं लहान, पण नळीचा बोअर मोठा, असं कोणतं घेऊ? हाच प्रश्न घेऊन एकदा मीही दुकानाच्या काउंटरपाशी उभी होते.

बंदूक मला नवी नव्हती. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, एरवी माजघराच्या दाराआड असायची. तिचं काम आवाजाचं. रात्री रानडुकरं भातात उतरली की बाबा बांधावर उभे राहून आभाळाकडे बार काढत, आणि खालच्या मळ्यापर्यंत डुकरं पळाल्याचं ऐकू येई. बारा वर्षांची असताना मी हट्ट धरला, तेव्हा त्यांनी काडतूस न भरता बंदूक माझ्या खांद्याला लावून दिली आणि तशीच धरून ठेवायला सांगितली. हात थरथरायला लागले. ‘झेपता मां गो तुका?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी बंदूक काढून घेतली. पुढची दोन वर्षं दर सुट्टीत हाच पाठ झाला, आणि पहिलं काडतूस हातात आलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते.

झेपणं हा शब्द मला फार खरा वाटतो. तो नुसत्या वस्तूबद्दल बोलत नाही आणि नुसत्या माणसाबद्दलही नाही. त्या दोघांचं एकमेकांशी काय जमतं ते तो सांगतो. रिव्हॉल्व्हर निवडण्याची सगळी विद्या या एका शब्दात मावते, हे कळायला मात्र मला बरीच वर्षं आणि बरीच काडतुसं लागली.

अमेरिकेत पहिली काही वर्षं मी कामाच्या व्हिसावर होते. त्या व्हिसावर बंदूक घेता येत नाही, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. मला गरजही वाटली नव्हती. ग्रीन कार्ड आलं त्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी कच्च्या रस्त्यावर एक ट्रक वीसेक किलोमीटर माझ्या मागे राहिला. मी थांबले की तो थांबे. शेवटी तो कुठल्याशा फाट्याला वळून गेला, झालं काहीच नाही. पण फोनवर शेरिफच्या कचेरीने सांगितलं होतं की गाडी पोहोचायला पाऊण तास लागेल. तो पाऊण तास माझ्या मनातून गेला नाही. महिन्याभरात मी ४४७३ क्रमांकाचा सरकारी फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि रिव्हॉल्व्हर घेऊन घरी आले. अ‍ॅरिझोनात २०१० पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला, कायद्याने बंदी नसेल तर, ते कपड्यांआड बाळगायला परवाना लागत नाही. शिक्षण मात्र लागतं, आणि ते कुणी सक्तीने देत नाही. म्हणून मी पुढे शिकवायला लागले.

लहान अंगाचं, मोठ्या तोंडाचं रिव्हॉल्व्हर ही कल्पना जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याने १८७२ मध्ये ‘ब्रिटिश बुलडॉग’ आणलं. अडीच इंचांची नळी, पाच गोळ्या, कोटाच्या खिशात मावेल असा आकार. बेल्जियमपासून अमेरिकेपर्यंत त्याच्या नकला निघाल्या. राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर १८८१ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच जातीच्या रिव्हॉल्व्हरमधून. पुढे स्मिथ अँड वेसनच्या ‘ट्रिपल लॉक’ या थोरल्या रिव्हॉल्व्हरबरोबर .४४ स्पेशल हे काडतूस आलं. आयडाहोचे पशुपालक आणि लेखक एल्मर कीथ यांनी त्यात जास्त दारू भरून वर्षानुवर्षं प्रयोग केले, आणि त्यातून १९५५ मध्ये .४४ मॅग्नम जन्मलं. मूळचं .४४ स्पेशल मात्र शांत स्वभावाचं राहिलं. कनेक्टिकटच्या चार्टर आर्म्सने १९७३ मध्ये त्याच काडतुसासाठी पाच गोळ्यांचं, तीन इंच नळीचं, वीस औंसांच्या आसपासचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि त्यालाही ‘बुलडॉग’ हेच नाव दिलं. आपल्याकडे रिव्हॉल्व्हरला जुन्या पुस्तकांत सहाबारी म्हणत. हे दोन्ही बुलडॉग पाचबारी. एवढ्या जाड काडतुसासाठी सहावं घर करायचं तर सिलिंडर फुगतं, आणि मग ते कपड्यांआड राहत नाही.

मोठा बोअर हवा कशाला? १९०४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या थॉम्पसन आणि लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर आणि मानवी शवांवर गोळ्या झाडून पाहिल्या आणि .४५ पेक्षा लहान बोअर नको असा निष्कर्ष काढला. चाचण्या ओबडधोबड होत्या, पण तो विश्वास शंभर वर्षं टिकला. मी विद्यार्थ्यांना कागदावर दोन वर्तुळं काढून दाखवते. .३८ ची गोळी सुमारे ९ मिलिमीटर व्यासाची, .४४ ची सुमारे १०.९. क्षेत्रफळात फरक चव्वेचाळीस टक्क्यांचा. हा फरक खरा आहे. तरीही मोठ्या गोळीने माणूस उडून पडतो हे सिनेमातलं आहे. समोरच्याला उडवेल एवढा जोर असता तर झाडणाराही उलटा पडला असता. गोळी कुठे लागते आणि किती खोल जाते हेच शेवटी महत्त्वाचं. मायामीत ११ एप्रिल १९८६ ला झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. त्यानंतर त्या संस्थेने जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच, म्हणजे ३० ते ४६ सेंटिमीटर खोली हे माप धरलं, आणि आजही काडतुसं त्यावरच पारखली जातात.

छोट्या नळीत .४४ ची बाजू घ्यावीशी वाटते ती इथे. नळी आखूड झाली की वेग घटतो. पोकळ टोकाची गोळी वेगावर उमलते. वेग कमी पडला तर ती मिटलेलीच राहते. .४४ ची गोळी न उमलताही रुंद असते. मोठ्या बोअरच्या बाजूने मला पटलेलं हे सर्वांत भक्कम कारण.

आता वजन. दुकानात हलकं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की माणूस हसतो. मीही हसले होते. पण वजन कुठेतरी चुकतं करावंच लागतं, कमरेला नाही तर मनगटाला. काडतूस तेच, आणि एक रिव्हॉल्व्हर ५७० ग्रॅमचं, दुसरं १०२० ग्रॅमचं, तर हलक्यातून हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा पावणेदोन पट होते. चापाच्या कड्याची मागची बाजू मधल्या बोटाच्या सांध्यावर आदळते. दहा बारांनंतर तिथे सूज येते, आणि त्याही आधी मनात भीती येते. माझं पहिलं असंच हलकं होतं. घेतल्यावर तिसऱ्या आठवड्यात, सरावात चौथ्या बाराला सिलिंडर फिरेना. चाप दाबला, पण तो जागचा हलला नाही. नंतर लक्षात आलं की प्रत्येक धक्क्याला रिव्हॉल्व्हर आणि पुंगळी मागे जात होती, जड गोळी जागीच राहू पाहत होती, आणि असं करत शेवटच्या काडतुसातली गोळी पुंगळीतून सरकून सिलिंडरच्या बाहेर डोकावली होती. ती चौकटीला अडली. त्या कच्च्या रस्त्यावर हे घडलं असतं तर माझ्या हातात अर्ध्या किलोचा लोखंडी गोळा उरला असता. तेव्हापासून नवं काडतूस आणलं की चार बार काढायचे, पाचवं काडतूस बाहेर काढून लांबी मोजायची, केसभर जरी वाढली तरी तो डबा परत, हा नियम मी स्वतःला आणि सगळ्या विद्यार्थ्यांना घातला आहे.

मग निवडायचं कसं? मी आधी तळवा बघते. मूठ धरल्यावर तर्जनीचं पेर चापावर सहज पोहोचतं का? दुहेरी क्रियेचा, म्हणजे घोडा उचलून सोडण्याचं काम एकाच दाबात करणारा चाप साडेचार ते साडेपाच किलो जोर मागतो. बोट आखूड पडलं तर माणूस रिव्हॉल्व्हर हातात फिरवून घेतो, आणि धक्का मनगटाऐवजी अंगठ्याच्या मुळाशी बसतो. करंगळीला मुठीवर जागा आहे का? रबरी मूठ पाठीमागून पोलाद झाकत असेल तर धक्का मऊ होतो, पण रबर शर्टाला चिकटतं आणि कापड वर धरून ठेवतं. गुळगुळीत लाकूड कापड सोडतं आणि हात सोलतं. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत.

नळी मी तीन इंचांची सुचवते. दोन इंचांत रिकाम्या पुंगळ्या ढकलणारी दांडी इतकी आखूड होते की पुंगळ्या अर्ध्याच बाहेर येऊन अडकतात. तोंड आभाळाकडे करून दांडीवर तळव्याचा एकच सणसणीत फटका मारायचा, म्हणजे पुंगळ्या सुटतात आणि न जळलेली दारू खाली सांडते, पुंगळ्या उचलणाऱ्या तारकेखाली अडकत नाही. नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी उठून दिसणारी हवी, पण कोपरे घासलेले, म्हणजे ती कपड्यात गुंतत नाही. होल्स्टर असं की चापाचं कडं पूर्ण झाकलं जाईल. आणि एक किलो वजन कमरेला बाळगायचं तर दीड इंच रुंदीचा, दुहेरी चामड्याचा ताठ पट्टा. हा पट्टा घ्यायला सगळे कुरकुरतात आणि महिन्याभराने आभार मानतात. टक्सनच्या उन्हाळ्यात घाम मुठीखाली झिरपतो, म्हणून मी स्टेनलेस पोलादच घेते. माझं आताचं पाचबारी .४४ असंच आहे, तीन इंची, किलोभर. दिवसभर कमरेला जाणवतं आणि बार काढताना हाताला शांत वाटतं.

हे सगळं सांगून झालं की मी वही मिटते आणि विचारते: घरी कोण कोण आहे? लहान मुलं? कुणी खचलेलं, रात्री न झोपणारं? अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. दाराबाहेरच्या धोक्यासाठी आणलेली वस्तू घरातल्याच माणसाच्या हाती लागते. न्यूयॉर्कमध्ये १९७६-७७ मध्ये एका खुन्याने सहा जणांचा जीव घेतला, तोही .४४ बुलडॉगनेच. पोलादाला धनी ओळखता येत नाही. म्हणून घरात कुलूपबंद तिजोरी असल्याशिवाय मी कुणाला दुसरा वर्ग देत नाही. या नियमामुळे गेलेल्या विद्यार्थ्यांबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही.

आणि प्रत्येक गोळीला मालक असतो. बाबांचा बार आभाळात जायचा, कुणाचं काही हिरावायचा नाही. माझ्या हातातून सुटलेली गोळी भिंतीतून, माणसातून, पलीकडच्या खोलीत जाऊ शकते, आणि ती जिथे थांबेल तिथपर्यंत ती माझी. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये लिहून ठेवलं की सुरा घेतलेला माणूस २१ फूट अंतर दीड सेकंदात कापतो. तेवढ्याच वेळात हात रिव्हॉल्व्हरकडे जायला हवा, चाप पूर्ण दाबला जायला हवा, आणि त्याच वेळात न झाडण्याचा निर्णयही घेता यायला हवा. धक्क्याला घाबरलेला हात यातलं काहीच नीट करत नाही. भीतीने हात घाई करतो. म्हणून झेपणं हा माझ्या लेखी सोयीचा प्रश्न नाही, तो समोरच्या आणि आजूबाजूच्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

वर्षातून एकदा, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, मी स्वतःची परीक्षा घेते. एकवीस फुटांवर कागदी थाळी, पाच बार, पुन्हा भरणं, पुन्हा पाच. गेल्या डिसेंबरात पहिले पाच थाळीत गेले. पंपाचे पाइप उचलून उचलून माझ्या उजव्या अंगठ्याचा मुळातला सांधा दोन वर्षांपासून दुखतो आहे, हे मला ठाऊक होतं, पण पहिल्या पाचांत त्याने काही सांगितलं नाही. दुसऱ्या पाचांतला चौथा बार थाळीच्या खाली डावीकडे मातीत गेला. माती उडालेली मी पाहिली नाही, कारण माझे डोळे मिटले होते.

मी सिलिंडर उघडलं, उरलेलं काडतूस काढलं. वर्गासाठी ठेवलेलं त्याच चौकटीचं .३८ घेतलं, नवी थाळी लावली आणि पुन्हा पाच आणि पाच. दहाही आत, आणि दहाही वेळा माशी मला शेवटपर्यंत दिसली. चव्वेचाळीस टक्क्यांचं वर्तुळ मी इतकी वर्षं कागदावर काढत आले आहे, त्याची किंमत मला नीट माहीत आहे. तरी वहीत तारीख टाकून लिहिलं: .४४, दुसरा फेरा, चौथा बार बाहेर, डोळे मिटले. .३८, दहा. .४४ साफ केलं, तेलाचं फडकं फिरवलं, तिजोरीत ठेवलं. सोमवारी विलकॉक्सला निघताना पट्ट्याला .३८ होतं, आणि शनिवारच्या वर्गात मी ती वही सगळ्यांसमोर उघडून ठेवली.