कटऑफ नसलेली यादी

धुळ्यात इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्याला पावसाळ्याच्या तोंडावर फोन पुरत नाही. साक्री, शिरपूर, दोंडाईचा, पारोळा, कुठकुठून पालक विचारतात, ‘सर, चान्स किती?’ मला सांगता येतं. सीईटी सेलची मागच्या वर्षीची कटऑफ यादी उघडायची, कॉलेज शोधायचं, ‘जीओपनएच’ की ‘एलओबीसीएच’ तो प्रवर्गाचा रकाना बघायचा आणि पर्सेंटाइल ताडून पाहायचं. ‘तिसऱ्या राउंडला लागेल’ म्हटलं की बहुतेक वेळा लागतं.

माझी भाची रावेर तालुक्यातली. बारावी सायन्सला असताना एक दिवस म्हणाली, ‘मामा, मला इकॉनॉमिक्स करायचंय. सोनीपतचं अशोका नाहीतर बंगळुरूचं अझीम प्रेमजी. चान्स किती?’ सवयीने मी कटऑफ शोधू लागलो. कटऑफ नावाची चीजच तिथे नाही. अशोका 2014 साली सुरू झालं, अझीम प्रेमजी विद्यापीठाचा कायदा कर्नाटकात 2010 साली झाला. म्हणजे फार जुन्या संस्था नाहीत, पण रीत आपल्याकडच्यापेक्षा साफ वेगळी. गुण बघतात, प्रवेश परीक्षा घेतात, निबंध लिहायला लावतात, मुलाखत घेतात. अशोकाच्या अर्जात तर वर्गाबाहेर तुम्ही काय करता तेही सांगायचं. एवढं सगळं एकत्र बघून ते ठरवतात. कसं ठरवतात, ते यादीत छापत नाहीत.

दाजींना हे पटणं कठीणच होतं. ‘पंच्याऐंशी टक्के पडले तरी ते नाही म्हणू शकतात?’ म्हटलं, हो. ‘आणि बी.ए.साठी इतक्या लांब?’ यावर मी त्यांना अमळनेरची आठवण करून दिली. प्रताप शेठजींनी 1916 साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं आणि साने गुरुजींसारखा माणूस तिथे तत्त्वज्ञान शिकायला आला. दाजी म्हणाले, ‘ते शेठजींच्या पैशांनी. आमचे शेठजी कोण?’ मुद्दा बिनतोड होता. अशोकाचा वर्षाचा खर्च राहण्याजेवणासकट 10 लाखांच्या पुढे जातो. दोन्हीकडे घरची परिस्थिती बघून मदत मिळते, एवढ्याच भरवशावर आम्ही पुढे गेलो.

अर्जाला जोडायच्या शिफारसपत्राची गंमत वेगळीच. तिच्या सरांनी मनापासून लिहून दिलं: सदर विद्यार्थिनी अभ्यासू, आज्ञाधारक व सुस्वभावी आहे, तिच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक: चांगली’ असतं, त्याचाच हा लांबवलेला अवतार. त्यात सरांचा काय दोष? आज्ञाधारकपणा बाजूला ठेवून मुलगी विचार कसा करते ते लिहा, असं त्यांना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

खरी अडचण वर्गाबाहेरच्या रकान्यात आली. ‘मी तर काहीच करत नाही,’ ती म्हणाली. वादविवाद नाही, पियानो नाही, एखादी संस्था काढलेली नाही. तिच्या निबंधाचा पहिला खर्डा देशसेवेवर होता, आणि असा निबंध मी स्वतः नववीत लिहिला होता. दिवाळीत त्यांच्याकडे गेलो तेव्हा ओसरीत दाजी केळीच्या व्यापाऱ्याशी फोनवर भांडत होते. भाची आतून वही घेऊन आली आणि बापाला आकडा दाखवला. वहीत उभ्या रेघा मारलेल्या: तारीख, नवती (नवी लागवड) की पिलबाग (खोडवा), जाहीर झालेला भाव, त्यावरचा फरक, घडांची रास किती किलोची, आणि शेवटच्या रकान्यात हातात पडलेला भाव. जाहीर भाव आणि हातातला भाव यांतलं अंतर लाल पेनाने. दहावीपासून ती हे लिहीत होती, कारण ‘पप्पा विसरू जाता’. कटाईचे मजूर मिळेनात त्या आठवड्यात अंतर वाढतं, माल पिकायला आला की शेतकरी अडतो, हे तिने समासात बारीक अक्षरात टिपलं होतं.

मी म्हटलं, हेच लिही. तिला ती थट्टा वाटली. ‘हे घरचं काम आहे, मामा.’

मदतीच्या अर्जाने आम्हाला फार छळलं. महिन्याचं उत्पन्न किती? मृगबाग जून-जुलैत लावायची, वर्षभर खत-पाणी-मजुरीला पैसा ओतायचा आणि मग काही आठवड्यांत सगळी विक्री. त्यातच मे महिन्यात वादळ आलं की बाग आडवी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एक आकडा सांगतो, बँकेचं पासबुक दुसरा, पीककर्जाचं खातं तिसराच. शेवटी भाचीने वहीवरूनच तीन वर्षांचा हिशेब मांडला, सातबारा जोडला आणि खाली केळीचं पीक कसं चालतं ते अर्धं पान लिहिलं.

एकीकडून नकार आला, दुसरीकडून प्रवेश आणि बऱ्यापैकी मदत. कुठून काय ते इथे लिहीत नाही. मुलगी तीच, वहीही तीच. मग एकांनी नाही का म्हटलं आणि दुसऱ्यांनी हो का? इंजिनिअरिंगच्या कॅप प्रवेशात तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की हरकत नोंदवता येते. इथे नकाराचं पत्र अतिशय गोड भाषेत येतं आणि कारण सांगत नाही. मला हे अजून पसंत नाही. कटऑफ निर्दयी असतो, पण शिरपूरच्या पाड्यावरच्या पोरालाही तो आपण कुठे उभे आहोत ते दाखवतो. या दुसऱ्या रीतीत पुण्या-मुंबईत पैसे घेऊन निबंध घासूनपुसून देणारे सल्लागार बसलेत. पाड्यावरच्या पोराला आपली वही लिहिण्याजोगी आहे हे सांगणारंसुद्धा कोणी नाही. तरी हेही खरं की आमच्या कटऑफ यादीत त्या वहीला रकाना नव्हता. पर्सेंटाइलने तिची वही कधीच उघडून पाहिली नसती.

यंदा तिच्या ज्युनिअर कॉलेजातल्या दोघी अर्ज भरतायत. मला विचारायच्या भानगडीत न पडता त्यांनी थेट तिला फोन लावला. तिने टक्के विचारले नाहीत. घरी काय काय काम करता, त्याची यादी करून पाठवा, म्हणाली.