ट्रेलरवरून आलेली मिनी

ही एका थापेची कबुली आहे.

निवृत्तीनंतर मी जुन्या मिनीचे इंजिन काढून विजेची मोटर बसवली. १२ व्होल्टच्या १२ बॅटऱ्या, शिसे आणि आम्लाच्या. एकेकीत जेमतेम अर्धा युनिट. म्हणजे सगळ्या मिळून ६ युनिट. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ असतात! मोटर काटकसरी, म्हणून तेवढ्यावर २० मैल निघत. थंडीत त्याहून कमी. इंजिन नाही, म्हणून हीटरही नाही. आमची ही मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसे.

पर्यायी इंधनांवरच्या गाड्यांचा मेळावा होता ६० मैलांवर. पुतण्याच्या डिझेल गाडीमागे ट्रेलर जोडला, त्यावर मिनी. ट्रेलर अर्धा मैल अलीकडे सोडला आणि तिथून ऐटीत चालवत आत शिरलो.

“घरून चालवत आणलीत?” एकाने विचारले.

“हो,” मी म्हणालो. हिने नुसते माझ्याकडे पाहिले.

१४ नोव्हेंबर १८९६ रोजी, मोटारींवरचे जाचक निर्बंध सैल झाल्याच्या आनंदात, लंडनहून ब्रायटनला मोटारी निघाल्या. त्यांत विजेच्याही होत्या. त्यांपैकी एक म्हणे आगगाडीने नेली आणि चिखल फासून शेवटच्या रेषेवर आणली. खरेखोटे देव जाणे, पण वर्गात हा किस्सा मी चवीने सांगत असे.

दुपारी पाटीवर खडूने लिहिले: ‘पल्ला २० मैल. ट्रेलरवरून आणली.’ शेजारच्या गाडीवाल्याने ते वाचले आणि खडू मागितला.

परतताना ही डिझेल गाडीच्या हीटरपाशी पाय पसरून बसली.