होम बटणाचा इशारा

आमच्या शाळेत मुलं उर्दू माध्यमातून शिकतात आणि मी त्यांना मराठी शिकवतो. घरी थोडा सराव व्हावा म्हणून भाच्याकडून एक छोटं अँड्रॉइड अ‍ॅप करून घेतलं. त्यात वीस प्रश्न: रिकाम्या जागा, विरुद्धार्थी शब्द, लिंग ओळखा. पहिल्याच आठवड्यात मुलांची तक्रार आली. बाराव्या प्रश्नावर बोट चुकून बॅक बटणावर पडतं आणि केलेलं सगळं जातं.

"मामू, बॅक पकडता येतं," भाचा म्हणाला. बॅक दाबलं की अँड्रॉइड ते अ‍ॅपला कळवतं, मग अ‍ॅप 'खरंच बाहेर पडायचं का?' असं विचारू शकतं. पूर्वी यासाठी ऑनबॅकप्रेस्ड नावाचं फंक्शन होतं. 2022 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 13 पासून ते मागे पडलं. आता 'बॅक आलं तर मला सांगा' अशी नोंद अ‍ॅपने आधीच करून ठेवायची, म्हणजे बोट सरकत असतानाच आपण कुठे जाणार याची झलक फोनला दाखवता येते. आमचं काम थोड्या ओळींत भागलं.

मग याच अ‍ॅपवर घटक चाचणी घ्यावी, असं स्टाफरूममध्ये ठरू लागलं. "होम बटणही पकडा. होम दाबून मुलं गूगलवर उत्तरं शोधतात. अ‍ॅप सोडलं की शून्य!"

मला आमची आठवीतली एक मुलगी आठवली. एका खासगी परीक्षेच्या अ‍ॅपने तिचा पेपर मध्येच जमा करून टाकला होता. घरात फोन एकच, अब्बांचा. ते प्लंबिंगची कामं करतात. त्या दिवशी तिच्या पेपरसाठी फोन घरी ठेवून गेले होते. गिऱ्हाइकाचा फोन आला, "अब्बा कामावर गेलेत" एवढं तिने सांगितलं, आणि परत येते तर पडद्यावर 'तुम्ही परीक्षा सोडली आहे'.

भाच्याला विचारलं तर तो हसला. होम बटणाची खबर अँड्रॉइड कोणत्याही साध्या अ‍ॅपला देतच नाही. पूर्वी एक पळवाट होती, ती 2011 च्या अँड्रॉइड 4.0 ने बंद केली. कारण सरळ आहे. होम अडवता आलं, तर एखादं लबाड अ‍ॅप माणसाला आत कोंडून ठेवील. हा दरवाजा फोन हातात असणाऱ्याचा. मला हे फार पटलं.

अ‍ॅपला कळतं ते इतकंच, की आपण पडद्यावरून हटलो. शिवाय ऑनयूजरलीव्हहिंट म्हणून एक निरोप मिळतो: माणूस बहुधा स्वतःहून बाहेर गेला. होम दाबलं की रिसेंट, ते त्यातून कळत नाही. का गेला, हे तर नाहीच.

नावातच 'हिंट' आहे. उर्दूत आम्ही त्याला इशारा म्हणतो: खूण, सूचक हालचाल. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून बटणांऐवजी बोट सरकवायची जी सोय आली, तेही इशारेच. मराठी वर्तमानपत्रात मात्र इशारा म्हणजे ताकीद: हवामान खात्याचा इशारा, आंदोलनाचा इशारा. माझी मुलं या शब्दावर दरवर्षी अडखळतात. त्या परीक्षेच्या अ‍ॅपने नेमकं हेच केलं होतं. खूण मिळाली आणि तिची थेट सजा केली.

मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं. एक सहकारी म्हणाले, "सर, मग कॉपी करणाऱ्यांना मोकळं सोडायचं?" प्रश्न बरोबर होता. शाळेचे टॅब असते तर 2014 च्या अँड्रॉइड 5 पासून असलेली स्क्रीन पिन करायची सोय वापरली असती, म्हणजे परीक्षेपुरतं दुसरीकडे जाणंच अवघड. पण फोन घरचा, त्यावर घराचे हक्क आधी. आईचा दवाखान्यातून आलेला फोन मुलाने का घेऊ नये?

शेवटी घटक चाचणी वर्गातच, कागदावर झाली. अ‍ॅप सरावापुरतं राहिलं. भाच्याने त्यात एक बदल केला. प्रत्येक उत्तर देताक्षणी साठवलं जातं, मग बॅक दाबा, होम दाबा, नाहीतर बॅटरी संपू द्या. 'किती वेळा बाहेर गेला' हा रकाना मी काढायला लावला. परवा त्याच मुलीने दुपारी नऊ प्रश्न केले, आणि फोन अब्बांकडून परत मिळाल्यावर, मगरिबनंतर, दहाव्यापासून पुढे.